व्यवसाय कर, रोजगार हमी आणि करन्याय : महाराष्ट्रातील एका वादाची चिकित्सा

प्रस्तावना

मोठे उद्योग, मोठे नियोक्ते आणि धनिक व्यक्ती यांच्यावर राज्याने अधिक कर लादावा काय, हा प्रश्न प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी नव्याने उपस्थित होतो. एका बाजूने सामाजिक न्यायाचा आधार घेतला जातो, तर दुसऱ्या बाजूने गुंतवणूक राज्याबाहेर जाण्याची भीती दाखवली जाते. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद बहुधा कराच्या दराभोवतीच फिरतात. कर कोणाकडून घेतला, कोणत्या कामासाठी घेतला आणि ज्याच्यासाठी घेतला त्याच्यापर्यंत तो पोहोचला काय, या तीन प्रश्नांचा एकत्रित विचार मात्र क्वचितच होतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात या तिन्ही प्रश्नांना एकाच वेळी उत्तर देण्याचा एक ठळक प्रयत्न झाला. तो म्हणजे १९७५ चा व्यवसाय कर आणि त्याच्याशी जोडलेली रोजगार हमी योजना. शहरातील नियमित उत्पन्नातून खेड्यातील बेरोजगार हातांना काम द्यावयाचे, असे या योजनेचे सूत्र होते. या प्रयोगाची पुनर्तपासणी करून धनिकांवरील कराच्या आजच्या चर्चेचे मूल्यमापन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कराचा न्याय केवळ दरावर ठरत नाही. देणारा आणि हक्काने घेणारा यांच्यातील संबंध कायद्याने स्पष्ट आणि व्यवहारात दृश्य असावा लागतो, अशी या लेखाची भूमिका आहे. १९७५ मध्ये हा संबंध निर्माण झाला. पुढे एकीकडे घटनात्मक मर्यादेने कर बोथट झाला आणि दुसरीकडे प्रशासकीय अनास्थेने निधीचा हेतू क्षीण झाला. या दोन्ही गोष्टी दुरुस्त न करता केवळ दरवाढीची मागणी करणे अपुरे आहे.

करामागील सामाजिक संकल्प

रोजगार हमीच्या कल्पनेचे जनक म्हणून वि. स. पागे यांचा उल्लेख होतो. १९६० ते १९७८ या काळात ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास या कल्पनेचा प्राथमिक प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजनेस प्रारंभ झाला. परंतु त्याच वर्षीच्या भीषण दुष्काळात तिची जागा व्यापक दुष्काळी कामांनी घेतली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, या दुष्काळाची तीव्र झळ सोसणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक होता. खडी फोडणारे, पाझर तलावाचे भराव घालणारे हे मजूर दया मागत नव्हते, काम मागत होते. दुष्काळ सरल्यावरही कामाची ही मागणी न्याय्यच राहते, हा विचार त्या अनुभवातून दृढ झाला.

वैचारिक पातळीवरही भूमिका तयार होत होती. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचे भारतातील दारिद्र्यावरील विवेचन १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रामीण भागात सार्वजनिक कामांद्वारे रोजगाराची हमी द्यावी आणि त्याचा खर्च भागविण्यासाठी समाजातील वरच्या स्तराने आपल्या उपभोगात कपात स्वीकारावी, असा त्याचा आशय होता. दारिद्र्यनिर्मूलनाची किंमत कोणीतरी मोजावी लागते आणि ती कोणी मोजावी हे स्पष्ट सांगावे लागते, ही शिस्त या विवेचनाने चर्चेला दिली. आजच्या चर्चेत नेमकी हीच शिस्त हरवलेली दिसते.

१९७५ मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवरील कराचा कायदा अमलात आला आणि रोजगार हमीच्या वित्तपुरवठ्याचा तो प्रमुख आधार ठरला. त्याच्या जोडीला विक्रीकरावरील व मोटार वाहनांवरील अधिभार, बागायती जमिनीवरील विशेष आकारणी आणि शहरांतील अनिवासी इमारतींवरील कर हे स्रोत होते. या करांतून जेवढे उत्पन्न येईल तेवढीच भर राज्य शासनाने आपल्या तिजोरीतून घालावयाची होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये सर्वपक्षीय पाठिंब्याने संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यानुसार स्वतंत्र रोजगार हमी निधीची तरतूद झाली. काम मागणाऱ्याला ठरावीक मुदतीत काम मिळावे, न मिळाल्यास बेकारी भत्ता मिळावा, असा हक्क ग्रामीण प्रौढ व्यक्तीला प्राप्त झाला.

या रचनेचे वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. मुंबईतील कारकुनाच्या वेतनपत्रकावर दरमहा कपात दिसत होती आणि त्या कपातीचे कारणही सांगता येत होते. कर आणि हक्क यांची अशी उघड सांगड भारतीय राज्यांच्या वित्तीय इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. करभाराचा विचार करणारी महाराष्ट्रातील परंपरा याआधीची आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्यांकडून वसूल होणारा पैसा त्यांच्या हितासाठी खर्च होत नाही, याकडे लक्ष वेधले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२५ मध्ये ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर ग्रंथ लिहिला. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना, प्राप्तिकराला उत्पन्नाची किमान मर्यादा असते पण जमीन महसुलाला ती नसते, या विषमतेवर त्यांनी बोट ठेवले. पैसा कोणाकडून घेतला आणि कोणासाठी वापरला, हे दोन्ही प्रश्न या परंपरेत आहेत. १९७५ चा व्यवसाय कर या दोन्ही प्रश्नांना दिलेले एक व्यावहारिक उत्तर होते.

मर्यादेचे गणित

व्यवसाय कराचा मूळ दोष राज्याच्या इच्छेत नसून संविधानाच्या अनुच्छेद २७६ मध्ये आहे. शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर, कंपन्यांवरील कर आणि मालमत्तेच्या भांडवली मूल्यावरील कर हे विषय सातव्या अनुसूचीनुसार संघाकडे आहेत. राज्यांकडे शेती उत्पन्न, जमिनी व इमारती, तसेच व्यवसाय व नोकरी यांवरील कर आहेत. व्यवसाय कर हा आडमार्गाने दुसरा प्राप्तिकर होऊ नये म्हणून त्यावर कमाल मर्यादा घातली गेली. ब्रिटिश काळात ही मर्यादा वर्षाला ५० रुपये होती. संविधानाने ती २५० रुपये केली. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. त्यानंतर वेतन आयोग आले आणि गेले, किमती कित्येक पटींनी वाढल्या. ही मर्यादा मात्र हलली नाही. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२,००० रुपयांपर्यंत वाढविण्याची शिफारस केली होती. त्या शिफारशीनुसार घटनादुरुस्ती झाली नाही.

या गोठलेल्या मर्यादेचा परिणाम वेतनपत्रक पाहिल्यास स्पष्ट होतो. महाराष्ट्रात पुरुष कर्मचाऱ्याला दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत हा कर नाही. त्यापुढे १०,००० रुपयांपर्यंत दरमहा १७५ रुपये आणि १०,००० रुपयांच्या वर दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३०० रुपये, अशी आकारणी होते. महिलांसाठी एप्रिल २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत सूट आहे. आता चार व्यक्तींचा विचार करावा. दरमहा ७,६०० रुपये मिळविणारा दुकानातील नोकर वर्षाला २,१०० रुपये भरतो. हे त्याच्या उत्पन्नाच्या सुमारे २.३ टक्के होतात. दरमहा १०,५०० रुपये मिळविणारा सुरक्षारक्षक २,५०० रुपये भरतो. हे प्रमाण सुमारे २ टक्के आहे. सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये मूळ वेतनावर रुजू होणारा सहायक प्राध्यापकही २,५०० रुपयेच भरतो. त्याच्या मूळ वेतनाशी हे प्रमाण ०.३६ टक्के पडते. दरमहा १० लाख रुपये घेणारा कंपनीचा संचालक तेवढेच २,५०० रुपये भरतो आणि त्याच्यासाठी हे प्रमाण ०.०२ टक्के होते. म्हणजे सुरक्षारक्षकाच्या उत्पन्नावरील भार संचालकाच्या तुलनेत सुमारे शंभर पट आहे.

नियोक्त्याच्या बाबतीत हे चित्र अधिकच विपरीत आहे. नियोक्ता कर्मचाऱ्यांच्या वेतनातून कर कापतो आणि शासनाकडे भरतो; तो पैसा कर्मचाऱ्याचाच असतो. नियोक्ता म्हणून स्वतःच्या नोंदणीपोटी कंपनीने भरावयाचा कर २,५०० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही, मग तिच्याकडे पाच माणसे असोत वा पाच हजार. कायद्याच्या अनुसूचीत सहकारी साखर कारखान्यांची स्वतंत्र नोंद आहे आणि तीही २,५०० रुपयांचीच आहे. साखर कारखाना आणि त्याच्या वजनकाट्यावरचा कारकून हे या कायद्याच्या दृष्टीने समान करदाते ठरतात.

ज्या कराने सधनांनी निर्धनांना काम द्यावे अशी अपेक्षा होती, तो कर सधन ओळखण्यासच असमर्थ आहे. १९७५ मध्ये नियमित वेतन हीच सधनतेची खूण मानणे काही अंशी समर्थनीय होते. संघटित क्षेत्रातील नोकरी आणि कोरडवाहू मजुरी यांतील अंतर मोठे होते. आज नियमित वेतनाचे स्वरूप पालटले आहे. कंत्राटी कामगार, अंशकालीन कर्मचारी आणि तासिका तत्त्वावर अध्यापन करणारे शिक्षक यांचीही वेतनधारकांत गणना होते. १०,००० रुपयांची रेषा ओलांडली की त्यांच्यातील व उच्चपदस्थांतील भेद या कराला दिसत नाही.

लाभ कोणाचा : एक जुना आक्षेप

करदात्याप्रमाणेच लाभार्थ्याविषयीही प्रश्न उपस्थित झाले. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये केलेल्या विश्लेषणात रोजगार हमीकडे वर्गीय हितसंबंधांच्या अंगाने पाहिले. मजुराला तात्पुरती मजुरी मिळते. पाझर तलाव, बंधारे, रस्ते यांचा टिकाऊ लाभ मात्र जमीनधारकाला मिळतो आणि खर्चाचा मोठा भार शहराकडे जातो, म्हणूनच ग्रामीण सत्ताधारी वर्गाने या योजनेस विरोध केला नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. ग्रामीण सधनांकडून अपेक्षित असलेली बागायती जमिनीवरील आकारणी व्यवसाय कराच्या तुलनेत अल्पच राहिली. १९९० पासून रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड सुरू झाली आणि खाजगी जमिनीवरील कामे योजनेत आली. अल्पभूधारकांना तिचा लाभ झाला हे खरे. तथापि भूमिहीन मजूर आणि निधी यांतील अंतर त्यामुळे वाढले, हेही नाकारता येत नाही.

या आक्षेपाचे महत्त्व मान्य करूनही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. मजुराला गावाजवळ काम मिळण्याची शाश्वती ही केवळ मजुरी नव्हती. मोठ्या शेतकऱ्याशी मजुरीच्या दराबाबत बोलण्याचे बळही तीत होते. शिवाय कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही या योजनेवर येणारा वर्ग खरोखरच गरीब असल्याचे दिसून आले. त्यामुळे लाभाची विभागणी विषम होती म्हणून योजनाच निरर्थक होती, असा निष्कर्ष काढता येणार नाही.

अधिक गंभीर बाब दुसरीच आहे. १९८८ मध्ये दोन घटना घडल्या. घटनादुरुस्तीने व्यवसाय कराची मर्यादा दहापट झाली आणि त्याच वर्षी रोजगार हमीवरील मजुरी किमान वेतनाच्या वाढीनुसार सुमारे दुप्पट झाली. मजुरी वाढल्याने कामाची मागणी वाढावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यानंतर उपलब्ध रोजगाराचे प्रमाण घटले. मार्टिन रॅव्हालियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये या घसरणीचे विश्लेषण करून, मागेल त्याला काम या हमीलाच त्या काळात मर्यादा पडल्याचे दाखविले. पुढील काळात रोजगार हमीच्या नावाने जमा होणारा महसूल आणि प्रत्यक्ष खर्च यांत मोठी तफावत राहिली. शिल्लक रक्कम राज्याच्या सर्वसाधारण खर्चात विरून गेली, अशी टीका अभ्यासकांनी वारंवार केली. कर चालू राहिला, त्याचे कारण मात्र अदृश्य झाले. आज कर भरणाऱ्या किती कर्मचाऱ्यांना वेतनपत्रकावरील त्या २०० रुपयांचे मूळ ठाऊक आहे, हा प्रश्न कोणत्याही महाविद्यालयाच्या कर्मचारी कक्षात विचारून पाहण्यासारखा आहे.

शेवगावच्या संदर्भात

या प्रश्नाचे दोन्ही पक्ष एकाच तालुक्यात पाहावयाचे असतील, तर शेवगाव तालुक्याचे उदाहरण घेता येते. तालुक्याच्या एका अंगाला जायकवाडीचा नाथसागर आहे. गोदाकाठचा हा भाग ऊस व कापूस पिकवितो. दुसऱ्या अंगाला पाथर्डीकडे सरकत जाणारा कोरडवाहू पट्टा आहे. बोधेगावचा केदारेश्वर सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातला. याच परिसरातून आणि शेजारच्या पाथर्डी तालुक्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकणारी ही कुटुंबे सहा-सहा महिने कारखान्यांच्या तळावर राहतात. नियोक्ता कोण, हा प्रश्न त्यांच्या बाबतीत कायमच वादग्रस्त राहिला आहे. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो आणि मुकादम कारखान्याकडे.

या वर्गासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. त्याच्या निधीसाठी गाळप होणाऱ्या उसावर कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे धोरण २०२१ मध्ये राज्याने जाहीर केले. या रचनेत १९७५ च्या सूत्राची छाया स्पष्ट दिसते. देणारा ठरलेला, घेणारा ठरलेला आणि शासनाची समान भर. विशेष म्हणजे येथे कामाच्या आकारमानाशी कर जोडलेला आहे. समजा, एखाद्या कारखान्याने हंगामात ५ लाख टन ऊस गाळला, तर त्याने ५० लाख रुपये द्यावयाचे आणि शासनाने आणखी ५० लाख. व्यवसाय कराच्या कायद्यात हाच कारखाना २,५०० रुपयांवर मोकळा होतो. मोठ्या नियोक्त्यावर त्याच्या आवाक्याप्रमाणे भार टाकणे अशक्य आहे, हा समज या एकाच तुलनेने दूर व्हावा.

तथापि या आकारणीचेही टीकात्मक परीक्षण आवश्यक आहे. टनामागे ठरावीक रक्कम हा नफ्यावरील कर नव्हे. कर्जबाजारी कारखाना आणि आसवनी व वीजनिर्मिती यांतून चांगले उत्पन्न मिळविणारा कारखाना, दोघेही टनामागे सारखेच देतात. हा भार अखेर कोणाच्या खिशातून जातो, हाही प्रश्न आहे. कारखान्याने तो उसाच्या दरातून वळता केला, तर दोन एकरांचा ऊस उत्पादक तोडणी मजुराच्या कल्याणाचा खर्च करतो आणि कारखान्याचे नेतृत्व नामानिराळे राहते. म्हणून केवळ मोठ्या नियोक्त्याच्या नावावर कर लिहिल्याने तो मोठ्या नियोक्त्यावर पडतोच असे नाही. करभाराचे हे स्थलांतर लक्षात न घेणारी चर्चा घोषणेच्या पातळीवरच राहते.

शेतीविषयीचा वादही येथेच उपस्थित होतो. शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्याकडे असूनही त्याचा परिणामकारक वापर झालेला नाही. १९७२ मध्ये के. एन. राज समितीने शेतजमीन धारणेवर चढत्या दराने कर लावण्याची शिफारस केली. राज्यांनी ती स्वीकारली नाही. याविरुद्ध शरद जोशी यांनी शेतकरी संघटनेच्या माध्यमातून मांडलेला युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. निर्यातबंदी, लेव्ही आणि नियंत्रित भाव यांद्वारे शेतकऱ्याकडून अप्रत्यक्ष वसुली आधीच होते, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाबतीत पूर्णतः लागू पडतो. परंतु शेतीच्या नावाखाली अन्य व्यवसायाचे उत्पन्न करमुक्त करून घेणाऱ्या सधनाला त्याचा आश्रय घेता येणार नाही. सरसकट शेतकरी हा एकच वर्ग मानल्याने लहान शेतकऱ्याचे दैन्य मोठ्या धारकाची ढाल बनते.

राज्यांचे अधिकार : एक तुलना

अमेरिकेतील अलीकडच्या घडामोडींशी तुलना येथे उद्बोधक ठरते. मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी १० लाख डॉलरहून अधिक वार्षिक उत्पन्नाच्या वरील भागावर ४ टक्के अतिरिक्त कर मंजूर केला आणि त्याचे उत्पन्न शिक्षण व वाहतूक यांसाठी राखून ठेवले. वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये मोठ्या भांडवली नफ्यावर ७ टक्के कर लावला. तो रद्द करण्याचा प्रस्ताव २०२४ मध्ये मतदारांनीच फेटाळला. याउलट त्याच राज्यातील सिएटल शहराने मे २०१८ मध्ये मोठ्या नियोक्त्यांवर प्रतिकर्मचारी २७५ डॉलर कर मंजूर केला आणि उद्योगांच्या विरोधामुळे पुढच्याच महिन्यात मागे घेतला. पहिल्या दोन करांचा उंबरठा उंच होता. सामान्य नागरिकाला तो आपल्यावर येणार नाही हे कळत होते. प्रतिकर्मचारी आकारणीला मात्र रोजगारावरील दंड असे रूप देणे विरोधकांना सोपे गेले.

भारतीय राज्यांना ही मोकळीक नाही. संपत्ती कर हा केंद्राचा विषय होता आणि तो २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द करण्याचे ठरले. त्याऐवजी अतिधनिकांच्या प्राप्तिकरावर २ टक्के वाढीव अधिभार आला. मृत्यूनंतरच्या संपदेवरील कर १९८५ मध्येच संपुष्टात आला होता. २०१९ मध्ये कंपन्यांसाठी २२ टक्क्यांचा सवलतीचा दर उपलब्ध झाला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर विक्रीकराचे राज्याचे स्वतंत्र क्षेत्र मुख्यतः इंधन व मद्य यांपुरते उरले. केंद्राने वसूल केलेले उपकर व अधिभार राज्यांशी वाटून घ्यावयाच्या निधीत येत नाहीत. म्हणजे धनिकांवरील अधिभार वाढला तरी राज्याच्या हाती त्याचा वाटा येत नाही. अशा स्थितीत राज्याने श्रीमंतांवर कर वाढवावा, असे म्हणणाऱ्याने राज्याकडे कोणते साधन शिल्लक आहे हेही सांगितले पाहिजे.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याखाली अकुशल मजुरीचा खर्च केंद्र उचलत होते. पहिल्या टप्प्यात अहमदनगर जिल्ह्याचाही समावेश होता. त्यामुळे महाराष्ट्राच्या स्वतःच्या निधीवरील ताण कमी झाला आणि व्यवसाय कराची मूळ कारणमीमांसा विस्मरणात गेली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याऐवजी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांच्या कामाची तरतूद असून महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाचे प्रमाण केंद्र ६० व राज्य ४० टक्के असे आहे. ग्रामीण रोजगाराचा खर्च राज्य कोणाकडून उभा करणार, हा १९७५ चा प्रश्न अर्धशतकानंतर पुन्हा दारात उभा राहिला आहे.

आक्षेपांचा परामर्श

कर वाढविल्यास उद्योग स्थलांतर करतील, हा पहिला आक्षेप. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश येथे व्यवसाय कर नाही. तरीही महाराष्ट्रातील उद्योगांनी वर्षाच्या २,५०० रुपयांसाठी राज्य सोडल्याचे कोणी म्हणणार नाही. उद्योगाचे स्थान जमीन, वीज, बंदर, कुशल मनुष्यबळ आणि बाजारपेठ यांवर ठरते. दर अमर्याद वाढविला तर परिणाम होईल हे मान्य. परंतु सुचविलेली १२,००० रुपयांची मर्यादाही लाखो रुपये दरमहा घेणाऱ्याला नगण्यच आहे.

दुसरा आक्षेप असा की, मर्यादा वाढविल्यास त्याचा भार पुन्हा पगारदार मध्यमवर्गावरच पडेल. हा आक्षेप रास्त आहे. मर्यादा वाढवून सध्याचे टप्पे तसेच ठेवले तर नेमके हेच घडेल. त्यावर उपाय टप्प्यांच्या फेररचनेत आहे. महिलांना २५,००० रुपयांपर्यंत मिळालेली सूट सर्व अल्पवेतनधारकांना द्यावी, मधल्या स्तरावरील भार आहे तसा ठेवावा आणि वाढीव मर्यादा केवळ उच्च वेतन व मोठ्या आस्थापना यांच्यासाठी वापरावी. आस्थापनेचा कर कर्मचारीसंख्येऐवजी नफ्याच्या वा उलाढालीच्या टप्प्यांशी जोडल्यास रोजगारावर दंड बसल्यासारखे होणार नाही.

तिसरा आक्षेप शासनाच्या विश्वासार्हतेचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. ज्या कारणासाठी पैसा घेतला त्यासाठी तो खर्च झाला नाही, हा अनुभव असताना नागरिकाने पुन्हा विश्वास का ठेवावा? या आक्षेपाला उत्तर भाषणाने देता येणार नाही. जमा, खर्च आणि शिल्लक यांचा जिल्हानिहाय हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवणे, शिल्लक निधी अन्यत्र वळविण्यास कायद्याने मनाई करणे आणि ग्रामसभेत कामाची मागणी व प्रत्यक्ष पुरवठा यांची नोंद जाहीर वाचणे, हे त्याचे उत्तर आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, धनिकांवरील व मोठ्या नियोक्त्यांवरील कराचा महाराष्ट्रातील वाद दराच्या एका आकड्यात बंदिस्त करता येत नाही. व्यवसाय कराने १९७५ मध्ये कर आणि हक्क यांना एकत्र बांधले, ही या राज्याची मोठी कमाई होती. घटनात्मक मर्यादेने त्या कराला चढतेपण येऊ दिले नाही. त्यामुळे सुरक्षारक्षक आणि संचालक एकाच पायरीवर बसले. ग्रामीण सधन वर्ग आपल्या वाट्यातून बऱ्याच अंशी सुटला. निधीच्या वापरातील शैथिल्याने करदात्याला कराचे कारण आणि मजुराला आपल्या हक्काचा स्रोत, दोन्ही दिसेनासे झाले.

म्हणून या विषयावरील मागणी तीन अंगांनी एकत्र व्हावयास हवी. अनुच्छेद २७६ मधील मर्यादा वाढवून ती ठरावीक काळाने सुधारण्याची तरतूद व्हावी. अल्पवेतनधारकांना मुक्त करून टप्पे खऱ्या अर्थाने चढते असावेत. आणि मिळणारा महसूल कायद्याने रोजगाराच्या हक्काशी पुन्हा बांधला जावा. यांपैकी पहिली दोन अंगे स्वीकारून तिसरे सोडले, तर तो आणखी एक कर ठरेल. तिसरे स्वीकारून पहिली दोन सोडली, तर नव्या खर्चाचा ४० टक्के वाटा उचलताना राज्याला पुन्हा सामान्य उपभोक्त्याच्या खरेदीवरील कराकडेच वळावे लागेल, आणि त्या उपभोक्त्यांत बोधेगावच्या तळावरून परतलेला ऊसतोड मजूरही असेल. त्याच्या रोजगाराचा खर्च त्याच्याच खरेदीतून काढणारी व्यवस्था रोजगाराची हमी या नावास पात्र ठरत नाही.